वेगाची हौस आणि थांबण्याची तयारी

ताशी दोनशे किलोमीटरचा वेग सहज गाठू शकणाऱ्या मोटारी गोव्याच्या रस्त्यांवर आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. नव्या झुआरी पुलावर अशी एखादी मोटार गर्जना करीत पुढे निघून जाते आणि क्षणार्धात दिसेनाशी होते, तेव्हा शेजारचा दुचाकीस्वार जीव मुठीत धरतो. मोटारीच्या मालकाची अडचण वेगळीच असते. ज्या यंत्रासाठी त्याने मोठी रक्कम मोजली, त्याची क्षमता अजमावण्याजोगी जागा आपल्या वळणावळणाच्या, पादचारी, गुरे आणि दुचाक्यांनी गजबजलेल्या रस्त्यांवर कोठेच नाही. सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या परवानगीवाचून शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या हौसेला एक कायदेशीर आणि रस्त्याच्या तुलनेत पुष्कळच सुरक्षित वाट आहे. तिला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. मोटारशर्यतींसाठी बांधलेल्या बंदिस्त सर्किटवर, शुल्क भरून, स्वतःची मोटार स्वतः चालवण्याचा हा दिवस असतो. चालकांचे अनुभवानुसार गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाला साधारण पंधरा ते वीस मिनिटांच्या फेऱ्या मिळतात. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो, करंडक नसतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून सुरू असलेले सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचे, बारा वळणांचे सर्किट आहे. कोइमतूरजवळ माजी शर्यतपटू एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखले जाणारे करी मोटर स्पीडवे आहे. दिल्लीजवळील ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे फॉर्म्युला वनची भारतीय शर्यत झाली. गोव्यातील हौशी चालकाला यांपैकी कोठेही जायचे तर शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो आणि बहुधा त्याच मोटारीने घरी परतावे लागते. म्हणूनच पूर्वतयारीला महत्त्व आहे.

नवखा चालक तयारी म्हणताच इंजिनाची शक्ती वाढवण्याचा विचार करतो. सायलेन्सर बदलावा, इंजिनाच्या संगणकात फेरफार करावा, असे सल्लेही त्याला मिळतात. वास्तविक, कारखान्यातून बाहेर पडलेल्या आधुनिक स्पोर्ट्स कारमध्ये नवख्या चालकाला पेलवेल त्याहून अधिक शक्ती आधीच असते. ट्रॅकवर प्रथम कस लागतो तो ब्रेकचा, टायरचा आणि तेलपाण्याचा; त्यानंतर चालकाचा. तयारीचा क्रमही तोच असावा.

वेगाची उष्णता

पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम येथे कामी येतो. चालत्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. सुमारे दीड टन वजनाची मोटार ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत असेल तर तिच्यात सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा असते. ताशी दोनशे किलोमीटरला हाच आकडा २३ लाखांवर जातो.

बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला एकदम तीव्र वळण आहे. समजा, आपली मोटार तेथे ताशी दोनशेवरून ऐंशीवर आणायची आहे. जोराने ब्रेक दाबल्यास हे काम चार-पाच सेकंदांत होते आणि एवढ्या वेळात १९ लाखांहून अधिक ज्यूल ऊर्जेची उष्णता व्हावी लागते. साडेसहा लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी ही आहे. तिचा बहुतांश भाग चार डिस्क आणि त्यांना दाबणारे पॅड यांनाच सोसावा लागतो. ब्रेक दाबताच मोटारीचा भार पुढे झुकत असल्याने त्यातही पुढच्या चाकांच्या वाट्याला मोठा हिस्सा येतो. पुढच्या वळणावर पुन्हा तेच, आणि वीस मिनिटे हा क्रम चालू राहतो.

चोर्ला किंवा अनमोड घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या गाडीच्या चाकांतून येणारा जळका वास आपल्याकडील बहुतेकांना परिचित आहे. ट्रॅकवर त्या अवस्थेला पोहोचायला संपूर्ण घाट उतरावा लागत नाही. साध्या पॅडला दोन-तीन जोरकस फेऱ्याही पुरतात.

ब्रेक: तयारीचा पहिला मान

ब्रेक दोन प्रकारे दगा देतात. पहिल्या प्रकारात पॅड अतितप्त होतात आणि डिस्कवरील त्यांचे घर्षण कमी होते. पेडल पूर्वीसारखेच घट्ट लागते, पण मोटार पुरेशी मंदावत नाही. दुसरा प्रकार अधिक भयंकर आहे. पॅडमधील उष्णता ब्रेकच्या द्रवापर्यंत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘ब्रेक ऑइल’पर्यंत पोहोचते आणि ते उकळू लागते. द्रव दाबला जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. उकळून वाफ झाली की ती वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला टेकते. सरळ पट्ट्याच्या टोकाला असे घडले तर हाती काहीच उरत नाही.

ब्रेक ऑइलची गोव्याच्या दृष्टीने आणखी एक महत्त्वाची बाजू आहे. प्रचलित ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचे असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराची दमट हवा असलेल्या किनारपट्टीवर या गुणधर्माकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ‘डॉट ४’ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो किमान १५५ अंशांवर राहिला तरी ते मानकात बसते. ‘डॉट ५.१’साठी हे आकडे २६० आणि १८० असे आहेत. याचा अर्थ, बाटलीवरचा दर्जा उत्तम असूनही दोन पावसाळे पाहिलेले ऑइल ट्रॅकसाठी भरवशाचे नसते. ट्रॅक डेपूर्वी ते पूर्णपणे काढून, सीलबंद बाटलीतले नवे भरावे आणि नळ्यांतील हवा काढून घ्यावी. उघडून ठेवलेली जुनी बाटली स्वस्त पडते म्हणून वापरू नये. सिलिकॉनचे ‘डॉट ५’ ऑइल मात्र वेगळ्या जातीचे आहे. नावात साम्य असले तरी ते ‘डॉट ४’ किंवा ‘डॉट ५.१’मध्ये मिसळता येत नाही.

पॅडची जाडी निम्म्याहून कमी राहिली असेल तर नवे बसवून घ्यावेत. पातळ पॅड उष्णता लवकर पलीकडे पोहोचवतो आणि एका दिवसात संपूही शकतो. ट्रॅकसाठी खास बनवलेले पॅड अधिक तापमान सोसतात, परंतु थंड असताना त्यांची पकड कमी असते आणि ते आवाजही करतात. रोज कार्यालयात जाण्यासाठी तीच मोटार वापरणाऱ्याने मधल्या दर्जाचे पॅड निवडावेत. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर, मर्यादित वेगात, उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने ते डिस्कवर बसू द्यावेत. डिस्कवर तडे किंवा खोल चरे असतील तर ती बदलल्याशिवाय प्रवासाला निघूच नये.

टायर: हाताच्या पंजाएवढी पकड

संपूर्ण मोटार रस्त्याला टेकलेली असते ती चार टायरांच्या चार लहान ठिकाणी. प्रत्येक ठिकाण साधारण हाताच्या पंजाएवढे. ब्रेक कितीही बलवान असले तरी मोटार थांबवणार हेच चार पंजे.

टायरच्या बाजूवर तीन गोष्टी वाचाव्यात. पहिली, मापानंतर येणारे वेगमर्यादेचे अक्षर. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० आणि ‘वाय’ म्हणजे ३००. दुसरी, निर्मितीचा काळ. शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हौसेच्या मोटारी कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत असते, परंतु रबर वर्षांनुवर्षे उन्हात आणि खाऱ्या हवेत कडक होत गेलेले असते. नक्षी खोल आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तिसरी गोष्ट हाताने चाचपून पाहावी: बाजूला फुगवटा, चीर किंवा खड्ड्यात आपटल्याची खूण आहे का. असा टायर गावातल्या वेगात महिनोन्महिने टिकतो, ट्रॅकवर मात्र फुटू शकतो.

हवेचा दाब हा नवख्यांना चकवणारा विषय आहे. टायर तापला की आतील हवा प्रसरण पावू पाहते आणि दाब वाढतो. तीस अंश तापमानाला ३२ पीएसआय भरलेला टायर आतून ऐंशी अंशांपर्यंत तापला तर दाब ४० पीएसआयच्या जवळ जातो. अति दाबाने टायर मध्यभागी फुगतो, जमिनीला टेकणारा भाग आक्रसतो आणि पकड घटते. म्हणून थंड असताना किती दाब ठेवावा आणि गरम झाल्यावर तो किती असावा, हे मोटारीच्या किंवा टायरच्या उत्पादकाकडून आधीच जाणून घ्यावे. स्वतःचा दाबमापक सोबत न्यावा, प्रत्येक फेरीनंतर चारही टायर तपासावेत आणि आकडे वहीत टिपून ठेवावेत. गरम असताना हवा कमी केली असेल तर घरी निघण्यापूर्वी, टायर निवल्यावर ती पुन्हा भरण्यास विसरू नये. कमी हवेचा टायर महामार्गावर धोकादायक असतो.

चाकांचे नट नुसते पाय देऊन घट्ट करणे पुरेसे नाही. उत्पादकाने सांगितलेल्या मापाला टॉर्क पान्याने ते आवळावेत आणि पहिल्या फेरीनंतर चाके निवल्यावर पुन्हा तपासावेत.

तेल आणि पाणी

रस्त्यावर मोटारीचे इंजिन पूर्ण शक्तीने काही सेकंदच चालते. ट्रॅकवर ते मिनिटांमागून मिनिटे तसे चालते, शिवाय वळणांवर मोटार एका बाजूला जोराने ओढली जात असते. चांगल्या टायरांवर ही बाजूची ओढ गुरुत्वाकर्षणाइतकी होऊ शकते. तशा वेळी इंजिनाच्या तळातील तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांनी कलतो. तेलाची पातळी आधीच कमी असेल तर लांब वळणावर पंपाचे तोंड उघडे पडते, तेलाऐवजी हवा खेचली जाते आणि बेअरिंगे कोरडी फिरू लागतात. एवढ्यानेही इंजिनाची कायमची हानी होऊ शकते. म्हणून ट्रॅकवर जाण्यापूर्वी ताजे, उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचे सिंथेटिक तेल भरावे, पातळी वरच्या खुणेपाशी ठेवावी आणि प्रत्येक फेरीनंतर ती पाहावी. वरच्या खुणेच्याही पुढे भरणे योग्य नाही. जादा तेल फेसाळते आणि फेसाने वंगण होत नाही.

रेडिएटरचे काम प्रेशर कुकरच्या तत्त्वावर चालते. बंद झाकणामुळे आत दाब राहतो आणि कूलंट शंभर अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. झाकणाचे रबर झिजले असेल, नळी मऊ पडली असेल किंवा कोठे पाझर असेल तर दाब टिकत नाही आणि मोटार तापते. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा आणि किडे साफ करावेत. तापलेल्या इंजिनाचे झाकण घाईने उघडू नये. उसळलेल्या वाफेने हात आणि चेहरा भाजतो.

पेट्रोलची टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. वळणांवर पेट्रोलही तेलासारखेच एका बाजूला सरकते आणि इंजिन अडखळते. ट्रॅकवर इंधनाचा खप रस्त्यापेक्षा कितीतरी अधिक असतो, याचा हिशेब आधी करावा.

मोटारीत काय ठेवू नये

प्रवासाचे सामान ट्रॅकच्या आवारात उतरवूनच फेरीला निघावे. आसनाखालची पाण्याची बाटली जोराच्या ब्रेकने पुढे घरंगळते आणि पेडलखाली अडकली तर ब्रेकच दाबता येत नाही. चालकाच्या पायाखालची सुटी मॅट काढून ठेवावी. डिकीतील स्टेपनी, जॅक आणि पाने बाहेर काढावेत किंवा पक्के बांधावेत. मोबाइल कोठेही नुसता ठेवू नये. डॅशबोर्डवर चिकटवलेली गणेशमूर्ती, आरशाला टांगलेला क्रूस किंवा जपमाळ यांनाही तेवढ्या दिवसापुरती सन्मानाने दुसरी जागा द्यावी. आघाताच्या वेळी एअरबॅग उघडते तेव्हा तिच्या वाटेत आलेली लहान वस्तूही गोळीसारखी सुटते.

ओढून नेण्यासाठीचा हूक बहुतेक नव्या मोटारींत सुटा दिलेला असतो. तो आधीच बसवून ठेवावा. वाळूत रुतलेली मोटार काढायला आलेल्या कर्मचाऱ्यांना हूक शोधत बसावे लागले तर सर्वांचीच फेरी वाया जाते.

या सर्व कामांसाठी किमान तीन आठवडे हाताशी असावेत. पहिल्या आठवड्यात तपासणी करून सुटे भाग मागवावेत. दुसऱ्या आठवड्यात ब्रेक ऑइल, पॅड आणि इंजिनाचे तेल बदलावे. तिसऱ्या आठवड्यात मोटार नेहमीसारखी चालवून कोठे पाझर, आवाज किंवा थरथर नाही ना, याची खात्री करावी. आदल्या रात्री घाईने केलेले काम ट्रॅकवर उघडे पडते.

चालकाची तयारी

मोटारीवर एवढे श्रम घेतल्यावर चालक मात्र रात्रभर प्रवास करून, अपुऱ्या झोपेने आणि रिकाम्या पोटी ट्रॅकवर उतरतो, असे पुष्कळदा दिसते. किमान एक दिवस आधी पोहोचावे आणि पूर्ण झोप घ्यावी. मद्य आदल्या रात्रीही टाळलेले बरे. सकाळी हलके खावे. आपली पेज या कामी उत्तम. दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. दक्षिणेतील उन्हात, जाड हेल्मेट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून बसलेल्या माणसाच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते आणि त्याचा पहिला परिणाम निर्णयशक्तीवर होतो. थकलेला चालक ब्रेक उशिरा दाबतो आणि आपण थकलो आहोत हे त्याच्या लक्षातही येत नाही. दिवसाची शेवटची फेरी सोडून देण्याचा शहाणपणा अनुभवी चालक दाखवतात, तो याच कारणाने.

हेल्मेटविषयी आयोजकांचे नियम आधी विचारून घ्यावेत. स्नेल या संस्थेचे ‘एसए’ मानक मोटारशर्यतींसाठी आहे. त्यात आगीला तोंड देण्याची चाचणीही असते, जी दुचाकीच्या हेल्मेटमध्ये नसते. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती असावेत. नायलॉन आगीत वितळून त्वचेला चिकटते. बूट पातळ तळव्यांचे असावेत, म्हणजे पेडलचा अंदाज पायाला येतो. चपला घालून फेरीला उतरू देत नाहीत आणि ते योग्यच आहे.

बसण्याची पद्धत हा दुर्लक्षित विषय. पाठ आसनाला पूर्ण टेकलेली असताना हात लांब केल्यास मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर यावे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. हात घड्याळातील नऊ आणि तीन या आकड्यांच्या जागी असावेत. दिसायला आकर्षक म्हणून चार-पाच पट्ट्यांचा हार्नेस साध्या मोटारीत बसवू नये. योग्य आसन आणि रोल केज यांच्याशिवाय तो शरीराला ताठ जखडून ठेवतो, आणि मोटार उलटून छत दबले तर डोके बाजूला घेता येत नाही. कारखान्यातून आलेला तीन बिंदूंचा पट्टा नीट आवळून बसवणे हे अधिक सुरक्षित.

ट्रॅकवर उतरल्यावर

सकाळच्या सूचनासत्राला हजेरी लावणे आवश्यक असते. त्यात झेंड्यांचा अर्थ सांगतात आणि तो पाठ असावा लागतो. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कोणालाही मागे टाकू नका. लाल म्हणजे फेरी थांबली, सावकाश पिटमध्ये परता. निळा म्हणजे मागून अधिक वेगवान मोटार येत आहे. पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. काळा दाखवला तर आपल्याला पिटमध्ये बोलावले आहे. काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा फेरीची समाप्ती सांगतो. मागे टाकणे केवळ ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवर आणि पुढच्या चालकाने हाताने खूण केल्यावरच करायचे असते.

पहिली फेरी ट्रॅक ओळखण्यासाठी असते. प्रशिक्षक शेजारी बसणार असेल तर ती संधी दवडू नये. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी ठरावीक असते. ब्रेकवर सगळी खर्च केली तर वळण्यासाठी उरत नाही. म्हणून वेग सरळ रेषेतच कमी करावा, मग वळावे, आणि मोटार सरळ होऊ लागली की हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. वळणात किंचित सावकाश शिरणारा त्यातून जलद बाहेर पडतो आणि पुढच्या संपूर्ण सरळ पट्ट्यावर त्याचा लाभ घेतो. नजर बॉनेटच्या पुढे न ठेवता वळणाच्या आतल्या कडेवर आणि तेथून बाहेर पडण्याच्या जागेवर असावी. हात नजरेच्या मागोमाग जातात.

वळणात वेग जास्त झाल्याची जाणीव होताच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडणे ही स्वाभाविक, पण घातक प्रतिक्रिया आहे. भार अचानक पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि मोटार गिरकी घेते. पोर्श ९११ सारख्या, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या मोटारींत हा स्वभाव विशेष जाणवतो. मोटारीला स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बंद करण्याचा मोह नवख्याने टाळावा. गिरकी बसलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरावेत, म्हणजे मोटार कोठे जाईल याचा अंदाज इतरांना येतो. चाके ट्रॅकबाहेर गेली तर स्टेअरिंग हिसक्याने ओढून परत येऊ नये. वेग कमी करीत, सरळ रेषेत, मागचे पाहून परतावे.

फेरीची शेवटची प्रदक्षिणा ब्रेक शक्य तितका कमी वापरून, संथपणे करावी. धावत्या हवेने डिस्क आणि इंजिन निवते. पिटमध्ये थांबल्यावर हॅण्डब्रेक लावू नये. तप्त पॅड डिस्कवर एकाच जागी दाबून राहिले तर तेथे त्यांचा थर बसतो आणि नंतर ब्रेक लावताना थरथर जाणवते. मोटार गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावावा. ऑटोमॅटिक असेल तर ‘पार्क’मध्ये ठेवावी.

विमा आणि परतीची वाट

खासगी मोटारीच्या प्रचलित विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. संघटित शर्यती, वेगाची चाचणी आणि तत्सम वापर त्यातून वगळलेले असतात. म्हणजे ट्रॅकवरील हानीचा खर्च स्वतःच्या खिशातून करण्याची तयारी असली पाहिजे. आयोजक जबाबदारी नाकारणाऱ्या कागदावर सही घेतात. तो कागद वाचूनच सही करावी. वैद्यकीय आणि अपघात विम्याच्या अटीही पाहून घ्याव्यात. जी मोटार मोडली तर कर्जाचे हप्ते भरणे कठीण होईल, ती ट्रॅकवर नेऊ नये, हा साधा निकष पाळता येईल.

घरी निघण्यापूर्वी पॅडची जाडी, टायर, नट आणि तेल पुन्हा तपासावे. शेवटी घाट उतरायचा असतो तो याच ब्रेकवर. शक्य असेल तर एक रात्र मुक्काम करून सकाळी निघावे. दिवसभर दोनशेच्या वेगाला सरावलेल्या डोळ्यांना महामार्गावर शंभरचा वेग रांगण्यासारखा वाटतो. ट्रॅक डेनंतरची ही सर्वांत धोक्याची वेळ.

त्या वेळी एक हिशेब आठवावा. कोरड्या रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला, चालकाच्या एक सेकंदाच्या प्रतिक्रियेसह, थांबायला साधारण २८ मीटर लागतात. शंभरच्या वेगाला हेच अंतर ८३ मीटरच्या आसपास जाते आणि पावसात त्याहूनही वाढते. ट्रॅकवर वळणापलीकडे काय आहे हे झेंडा घेऊन उभा असलेला माणूस सांगतो, बाजूला मोकळी जागा असते, रुग्णवाहिका तयार असते आणि समोरून कोणी येत नाही. आपल्या रस्त्यावर वळणापलीकडे शाळेतून घरी निघालेले मूल असू शकते. ट्रॅकवर एक दिवस मन लावून काढलेल्या चालकाला थांबायला किती जागा लागते हे पायाने कळलेले असते. तेवढे ज्ञान घेऊन तो परतला आणि झुआरीच्या पुलावर आपल्या मर्यादेत चालला, तर त्या दिवसाचे शुल्क वसूल झाले.